खाली उतरलेली खिडकी

कापोस्पीनाच्या हौदात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘काही नाही’ असंच द्यावं लागेल. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लोखंडी फाटक, आत झिजलेल्या पायऱ्या, पायऱ्यांच्या तळाशी अंधार आणि अंधारात खांब. रोमनांनी आपल्या आरमारासाठी गोडं पाणी साठवायला तो खणला. पुढे आरमार गेलं, पाणी आटलं, रोमनही गेले. हौद तेवढा न्यायचा राहिला. तरीसुद्धा लोक नेपल्सहून आगगाडी नि बस बदलत, घामाने निथळत येतात, आणि आत जाताना सुतकी दिसणारी तोंडं बाहेर येताना लग्नाचं जेवण जेवून आल्यासारखी दिसतात. ही सगळी करामत तितीनाची.

तितीनाचं पाळण्यातलं नाव रेस्तितूता. जन्म समोरच्या, सशांसाठी प्रसिद्ध असलेल्या इस्किया बेटावरचा. तिचा नवरा सोस्सियो तेव्हा इस्कियाच्या बोटीवर दोर फेकायच्या कामाला होता. धक्क्यावरच्या खुंटाला दोर टाकताना त्याचं लक्ष असायचं ते मासळीच्या टोपलीमागे बसलेल्या हिच्याकडे. एकदा नेम चुकला आणि दोर टोपलीत पडला. “दोर बोटीचा, खुंट धक्क्याचा, अडकले मात्र मी,” असं ती अजून सांगते. हे खरं की खोटं, असं तिला विचारायचं नसतं. आमच्या गल्लीत तेवढी सभ्यता सगळ्यांनाच आहे.

लग्न होऊन ती या किनाऱ्यावर आली तेव्हा हौदाची किल्ली सासूबाईंकडे, म्हणजे दोन्ना पालोंबांकडे होती. आमच्याकडे जुन्या जागांची रीतच अशी: जागा सरकारची, किल्ली शेजारच्या घराची. ज्याचं दार फाटकाला सगळ्यात जवळ, त्याच्याकडे किल्ली. फाटकावर पत्र्याची पाटी, ‘आत जायचं असल्यास जवळचं दार वाजवा.’ पाहुण्याने वाजवायचं आणि घरातल्या बाईने चुलीवरचं भांडं बाजूला सारून, ॲप्रनला हात पुसत यायचं. त्याला पगार म्हणावा असा नाही. पण मान असा, की बाजारातला मासळीवाला त्या बाईला शिळा मासा दाखवायचं धाडस करत नाही.

दोन्ना पालोंबांना एक मुलगीही होती, नुन्झियाता. खरं तर किल्ली तिची. पण म्हातारीचा शेवट आला तेव्हा नुन्झियाता एका खलाशाशी लग्न करून प्रोचिदा बेटावर राहत होती, आणि त्या दिवशी समुद्र इतका खवळलेला की बोटी बंद. म्हातारीने उशीखालून किल्ली काढली आणि जवळ होती त्या सुनेच्या हातात ठेवली. “उघडायचं आणि लावायचं,” म्हणाली. “मध्ये काही बोलायचं नाही.”

यातलं उघडणं आणि लावणं तितीनाने जन्मभर चोख केलं.

मधल्या वेळात काय व्हायचं ते पाहुण्यांवर अवलंबून असे. जर्मन आले की हौदात खून पडायचा. नवं जोडपं आलं की तिथे रोमन सरदाराची बायको एका खलाशाला चोरून भेटायची. पाद्री आले तर त्याच खांबाआड पहिले ख्रिस्ती लोक लपायचे. मुलाबाळांचं कुटुंब असलं की हौदात गाईएवढी वाम पोहायची आणि तिच्या कानांत सोन्याचे डूल असायचे. वामीला कान असतात का, असं एका पोरीने विचारलं. “तेव्हा असायचे,” तितीना म्हणाली.

सरदार, त्याची बायको आणि त्याची बहीण, ही तीन पात्रं मात्र ठरलेली. गोष्ट कुठलीही असो, विष कालवणारी, चहाड्या करणारी, माणसं पाण्यात ढकलणारी ती दर वेळी सरदाराची बहीणच. म्हणजे नणंद. भाषेची अडचण तितीनाला कधी आली नाही. तिने कमरेवर हात ठेवून नाक उडवत ‘नणंद’ करून दाखवली की जपानी बायकासुद्धा माना डोलवायच्या.

आणि मग, स्वतःचा नवरा वारल्यावर, खरी नणंद प्रोचिदाहून परत आली. माहेरच्या घराची मागची खोली तिच्या वाटणीची होती. तिचं दार मागच्या बोळात उघडायचं, पण कपडे वाळत पडायचे ते फाटकासमोरच्या दोरीवर. हौदातून बाहेर आलेल्या पाहुण्यांना समोर चादरी झटकणारी, कपाळाला आठी घातलेली एक बाई दिसायची, आणि ते आपापल्या बायकामुलांना जवळ ओढून घ्यायचे.

“काल त्या इंग्रजाने माझा फोटो का काढला?” नुन्झियाताने एकदा भर गल्लीत उभं राहून विचारलं.

“रूप बघून काढला असेल, वन्सं.”

“‘हीच ती’ म्हणत होता बायकोला! हीच ती म्हणजे कोण?”

“आता इंग्रजांच्या मनातलं मी काय सांगू? मी बापडी इस्कियाची.”

“सशाच्या बिळातली! माझ्या आईची किल्ली घेऊन बसलीस, आणि वर जगभर माझं नाव खराब करतेस!”

“जगभर कुठे, वन्सं? ऑस्ट्रेलियाचे अजून आलेले नाहीत.”

गल्ली हसली. नुन्झियाता हसली नाही. आणि तिचं दुःख खोटं नव्हतं, हे इथे सांगून टाकलं पाहिजे. आईचा हात शेवटचा हातात घ्यायला ती पोचू शकली नव्हती. त्या हातातून जी वस्तू तिला मिळायची ती दुसरीच्या गळ्यात लटकत होती. रोज, भिंतीपलीकडे.

पण तितीनाचंही काही होतं. सोस्सियो गेला होता, मूलबाळ नव्हतं. तिच्या दारावर थाप पडायची ती फक्त हौदासाठी. “आले, आले!” असं ओरडत चपला शोधायच्या, यावर तिचा दिवस उभा होता. किल्ली गेली की थाप गेली. मग त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती किल्ली झोपतानाही गळ्यात घालायची आणि उन्हाळ्यात तिच्या छातीवर तिचा गंजका वळ उठायचा.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये नुन्झियाताने गवंडी बोलावले.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे गवंडी कुणी बोलवत नाही. ऑगस्ट टोमॅटोचा. अख्खी गल्ली पेट्यांनी भरते, घराघरांतून बायका चुली अंगणात काढतात, टोमॅटो उकडून, गाळून, रस बाटल्यांत भरतात, प्रत्येकीत बेसिलचं पान टाकतात, बुचं ठोकतात, मग बाटल्या फडक्यांत गुंडाळून तेलाच्या पिंपात रचतात आणि खाली लाकडं पेटवतात. ते पिंप उकळू द्यायचं आणि पाणी आपोआप गार होईपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही. वर्षाची चटणी त्यावर असते, आणि चटणीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अब्रू. घाईने उतरवलेली बाटली आतल्या आत आंबते आणि एक दिवस धाडकन फुटते. ज्या घरची बाटली फुटली त्या घरच्या मुलीच्या लग्नातसुद्धा ती गोष्ट निघते. तितीनाची बाटली उभ्या जन्मात फुटली नव्हती. हे तिने सांगितलेलं असलं तरी खरं होतं.

एवढ्या बाटल्या ठेवायच्या कुठे? थंड जागा हवी, अंधारी हवी. आमच्या गल्लीत तशी एकच आहे. हौदाच्या पायऱ्या उतरल्या की डाव्या हाताला एक आंधळी कोठी आहे, तिला फळ्यांचं दार. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गल्लीच्या बाटल्या. प्रत्येक घराचा गळ्याला बांधायचा दोरा वेगळा: तितीनाचा लाल, नुन्झियाताचा हिरवा. दोघी एकमेकींशी बोलत नसल्या तरी लाल आणि हिरवा एकाच फळीवर, कारण दोन्ना पालोंबांच्या वेळेपासून ती फळी त्या घराची. याला आमच्यात कुणी चोरी म्हणत नाही. रोमनांनी जागा रिकामी सोडली, त्याला आम्ही काय करणार?

तर त्या टोमॅटोच्या धामधुमीत नुन्झियाताचे गवंडी भिंत फोडत होते. एकीकडे पिंप उकळतंय, दुसरीकडे ती गवंड्यांवर ओरडतेय. आठवडाभरात भिंतीला नवंकोरं दार झालं. हिरवा रंग, पितळी कडी, घंटीचं बटण, पायपुसणं आणि वर मेरीमातेची तसबीर, तिच्यापुढे छोटा दिवा. दार उघडत होतं थेट फाटकाकडे. तितीनाच्या दारापेक्षा जवळ.

“वन्सं, हवा यायला केलंत वाटतं?” तितीनाने विचारलं, पण तिचा आवाज जरा चिरकला.

“न्याय यायला केलंय,” नुन्झियाता म्हणाली. “नेपल्सच्या कार्यालयात जाऊन सांगून आलेय मी सगळं. दार कुठलं जवळ, ते येऊन मोजतील. आणि तू काय काय बरळतेस, ते कानांनी ऐकतील. न सांगता येणार आहे एक बाईसाहेब. प्रवाशासारखी येईल. कळणारसुद्धा नाही तुला.”

त्या दिवसापासून तितीनाने तोंडाला कुलूप घातलं. पाहुणे आले की किल्ली फिरवायची, पुढे व्हायचं आणि सांगायचं, “हौद. खांब. अंधार. चला.” सोन्याचे डूल बंद, खून बंद, नणंदसुद्धा बंद. एक मोजपट्टीवाला गृहस्थ आला तेव्हा तर तिने “हौद” एवढंच सांगितलं आणि खुर्ची पुसून दिली. तो शौचालयाच्या फरशा विकणारा निघाला. तो रस्ता चुकला होता. पाहुणे बाहेर पडताना एकमेकांकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे आणि बस किती वाजता म्हणून विचारायचे. तितीना घरात येऊन कांदा चिरायची, गरज नसताना.

सप्टेंबरच्या शेवटी, भर दुपारी, दार वाजलं. दारात नाक उन्हाने सोलवटलेली, एका सँडलचा पट्टा तुटलेली एक मध्यमवयीन बाई उभी होती. उत्तरेकडची मास्तरीण असावी, तितीनाने ठरवलं. कार्यालयातली माणसं असल्या सँडल घालत नाहीत.

“एवढ्या लांब आले,” बाई धापा टाकत म्हणाली, “उघडं आहे ना?”

“आता होईल,” तितीना म्हणाली.

दोघी खाली उतरल्या. बाईने अंधाराकडे बघितलं. खांबांकडे बघितलं. मग पुन्हा अंधाराकडे. “एवढंच?” असं ती बोलली नाही, पण तिचे खांदे खाली आले आणि ती तुटक्या सँडलकडे बघू लागली. तितीनाने ओठ दाबून धरले. मनात मेरीमातेचा धावा केला. मेरीमाता त्या क्षणी बहुधा नुन्झियाताच्या दारावर कामात होती.

“या खांबापाशी,” तितीनाच्या तोंडून निघालं, “सरदाराच्या बायकोचा जीव घेतला.”

बाईने मान वर केली. “कुणी?”

झालं. धरण फुटलं. महिनाभर कोंडलेली नणंद दुप्पट विषारी होऊन बाहेर आली. ती दिसायला सुंदर, आवाज मधाचा, आणि अंगठीत विष. भावजयीला म्हणाली, “चल ग, हौदाचं पाणी किती गार झालंय बघू.” दोघी दिवा घेऊन उतरल्या. “आणि इथे, बाई, अगदी तुम्ही उभ्या आहात तिथे, नणंदेने दिवा फुंकला! आणि तेव्हापासून दर वर्षी, याच दिवसांत, या भिंतीतून…”

जमीन जराशी हलली. हे आमच्याकडे नेहमीचं. खालचा आगीचा डोंगर कूस बदलतो आणि आम्ही सांडू नये म्हणून पेला धरतो. बाईने मात्र खांबाला मिठी मारली. तितीना पुढे बोलणार, तेवढ्यात डाव्या हाताच्या कोठीत तोफ उडाल्यासारखा धडाका झाला. काच खळखळली. आणि फळ्यांच्या दाराखालून, संथपणे, लालभडक ओघळ त्या बाईच्या सँडलपर्यंत आला.

“…रक्त येतं,” तितीनाने वाक्य पूर्ण केलं, कारण अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

बाई किंचाळली नाही. ती खाली वाकली, ओघळात बोट बुडवलं आणि चाटलं.

“रोमन बाईच्या रक्तात बेसिल होतं?” ती म्हणाली. “आणि जरा आंबलंय.” मग तिने पिशवीतून ओळखपत्र काढून तितीनापुढे धरलं. “मी लिवीया सान्तोरो. कार्यालयातून आलेय. ते दार उघडा.”

तितीनाच्या हातातली किल्ली एवढी जड कधीच झाली नव्हती. पण फळ्यांच्या दाराला कुलूप नव्हतंच. ती नुसती बाजूला झाली. सान्तोरोबाईंनी दार ढकललं. आत बाटल्याच बाटल्या, फळ्यांवर, जमिनीवर, रोमन कोनाड्यात. मधल्या फळीवर एक जागा रिकामी आणि भिंतीवर रसाचा मोठा शिंतोडा. फुटलेल्या बाटलीचा गळा गडगडत उंबऱ्याशी आला. त्याला हिरवा दोरा होता.

तितीनाने त्यावर पाय ठेवला. सपाता मोठ्या होत्या, सोस्सियोच्या. गळा झाकला गेला. दोऱ्याचं एक टोक मात्र बाहेर राहिलं.

धडाका ऐकून नुन्झियाता धावत उतरली होती. नवं दार करून ती महिनाभर त्यातच बसून होती, त्यामुळे सगळ्यांच्या आधी पोचली. तिने सान्तोरोबाईंचं ओळखपत्र बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. मग तिने फळीवरची रिकामी जागा बघितली. मग तितीनाची सपात. मग हिरवं टोक. तिच्या तोंडावरचा रंग कुणी पुसून घेतल्यासारखा झाला.

“हे कुणाचं?” सान्तोरोबाईंनी विचारलं.

“माझं,” तितीना म्हणाली.

“सगळं? एवढ्या बाटल्या एकटीच्या?”

“मला पास्ता आवडतो, बाईसाहेब.”

“आणि ही फुटलेली?”

एका शब्दाचं काम होतं. ‘वन्संची’ म्हटलं की संपलं असतं. जिने तक्रार केली तिचाच माल सरकारी कोठीत, आणि तोही फुटका. किल्ली तितीनाच्या गळ्यात कायमची राहिली असती आणि नुन्झियाताला गल्लीत तोंड काढायला जागा उरली नसती. तितीनाने नणंदेकडे बघितलं. जन्मभर तिने या बाईला विष कालवायला लावलं होतं, दिवे फुंकायला लावले होते. आणि ही इथे उभी होती, ओले हात, ॲप्रनला चुना, डोळ्यांत अशी भीती की ती गोष्टीतल्या कुठल्याच नणंदेला तितीनाने कधी दिली नव्हती.

“तीही माझीच,” तितीना म्हणाली. “यंदा घाई झाली माझी. पिंप गार व्हायच्या आत बाटल्या उतरवल्या.”

ज्या बाईची बाटली जन्मात फुटली नव्हती तिने हे सांगितलं. तितीनाने आजवर हजार खोट्या गोष्टी सांगितल्या असतील, पण स्वतःची अब्रू घालवून सांगितलेली ही पहिली.

सगळ्या वर आल्या. सान्तोरोबाई पायरीवर बसल्या आणि सँडल काढून पाय चोळू लागल्या.

“सरदाराची बायको इथे मेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“आणि तक्रारीतली ती डूल घातलेली वाम?”

“तीही नाही.” तितीना ॲप्रनचं टोक पिळत होती. “मला कुणी काहीच सांगितलं नाही, बाईसाहेब. सासूबाई म्हणाल्या, उघड आणि लाव. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारं जोडपं आलं. कुठल्या कुठून आलेले, आजोबांच्या हातात काठी. खाली उतरले, बघितलं, आणि आजी आजोबांना म्हणाल्या, ‘असू दे.’ असू दे! जणू चूक त्यांची. माझ्या घरी पाहुणा यावा आणि मी रिकामं ताट वाढावं, तसं झालं मला. आता हौदात काही नाही त्याला मी काय करू? म्हणून मी त्यात काहीतरी घालते. तुम्हालाही घातलंच की. तुमचे खांदे असे पडले होते.”

सान्तोरोबाईंनी आपल्या खांद्यांकडे एकदा बघितलं.

“बाटल्या या आठवड्यात बाहेर,” शेवटी त्या उठत म्हणाल्या. “एकही राहता कामा नये. गोष्टींसाठी आमच्याकडे नियम नाही, सुदैवाने. राहिली किल्ली. तिचा नियम सरळ आहे. ज्याचं दार फाटकाला जवळ, त्याच्याकडे.” त्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली. “तक्रार करणाऱ्या बाई तुम्हीच ना? कुठलं तुमचं दार?”

तितीनाने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. किल्ली तळहातावर धरून ती उभी राहिली. मोजायची गरजच नव्हती. ते हिरवं दार फाटकाला खेटून होतं. गल्लीतल्या बायका खिडक्यांत आल्या होत्या.

नुन्झियाता आपल्या दाराकडे बघत राहिली. पितळी कडीकडे. घंटीच्या बटणाकडे. मेरीमातेकडे.

“कुठलं दार?” ती म्हणाली.

“हे. हिरवं.”

“हे होय! हे दार नाही, बाईसाहेब. खिडकी आहे.”

“खिडकी?”

“जरा खाली उतरलीय. आमची जमीन वर-खाली होत असते ना, तुम्ही बघितलंतच आत्ता. खिडक्या खाली येतात. माझं दार मागे, बोळात.” आणि मग तितीनाकडे न बघता, “वहिनीचंच दार जवळ. आईच्या वेळेपासून.”

सान्तोरोबाईंनी खिडकीच्या पायपुसण्याकडे बघितलं. खिडकीची घंटी दाबून बघितली. आत किणकिण झाली. त्या घंटीचा आवाज विरेपर्यंत थांबल्या.

“खिडकी चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “पायपुसणंही छान.” त्यांनी मोजपट्टी गुंडाळली, तितीनाची बोटं तळहातावरच्या किल्लीभोवती मिटवली आणि सँडल फरफटवत बसथांब्याकडे गेल्या. “पण पुढच्या महिन्यात मी परत येणार आहे,” वळणावरून त्यांनी सांगितलं, “तोवर ती खिडकीसारखी दिसू दे.”

त्यामुळे गवंडी पुन्हा आले. हिरव्या दाराचा खालचा अर्धा भाग विटांनी बुजला, वर दोन झडपा झाल्या, कट्ट्यावर बेसिलची कुंडी आली. घंटी तेवढी नुन्झियाताने काढू दिली नाही. बाजारात जायला तिला आता मागच्या बोळाने लांबचा फेरा पडतो, आणि दर फेऱ्याला ती इस्कियाच्या सशांना मोठ्याने शिव्या घालते. गल्लीच्या बाटल्या हौदातून निघाल्या आणि त्याच खिडकीमागच्या थंड खोलीत गेल्या, कारण दार बुजल्यावर तिथे छान अंधार झाला. लाल आणि हिरवा दोरा एकाच फळीवर. तितीनाची बाटली फुटली, ही गोष्ट मात्र गल्लीत पसरली ती पसरलीच. परवाच्या लग्नातसुद्धा निघाली. तितीना मान खाली घालून ऐकत होती, आणि शेजारी बसलेली नुन्झियाता सांगणाऱ्याला म्हणाली, “जेव गुपचूप. तुझ्या घरच्या किती फुटल्या ते मी काढू का?”

हौदातली गोष्टही थोडी बदलली आहे. दिवा अजून विझतो, सरदाराची बायको अजून पाण्यात पडते. पण आता सरदाराची बहीण एका बुटक्या खिडकीतून हात घालते, भावजयीला केसांना धरून वर ओढते, आणि वर शिव्याही देते. पाहुणे बाहेर येतात, तितीना त्यांना ती खिडकी दाखवते, ‘हीच ती’ म्हणते, आणि ते फोटो काढतात. झडप उघडते आणि आतून कॉफीचे कप बाहेर येतात.

“वहिनी,” काल फोटो काढून लोक गेल्यावर आतून आवाज आला, “सकाळच्या लोकांना सांगताना नणंद सावळी होती. आत्ता गोरी म्हणालीस. काय ते एकदा ठरव.”

“तुम्ही सांगा, वन्सं. कशी ठेवू?”

आत कप विसळल्याचा आवाज झाला.

“सावळीच ठेव,” नुन्झियाता म्हणाली. “आईसारखी.”